दोनपैकी एकच बॅटरी वारंवार का बसते? ट्रकच्या २४ व्होल्टच्या जोडीबद्दल

खडखडाट

नमस्कार मंडळी. मल्टिअ‍ॅक्सल ट्रक आहे, २४ व्होल्टची सिस्टिम. १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणीचं माप) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. त्रास असा की दोघींपैकी जिचा निगेटिव्ह चासीला, म्हणजे अर्थला गेलाय, तीच दरवेळी बसते. दुसरी ठणठणीत, फक्त तिला पाणी फार लागतं. आतापर्यंत बसली ती बदलायची आणि पुढे चालायचं असं सुरू होतं.

दुकानदार म्हणतो १८० किंवा २०० एएचची टाका, कटकट मिटेल. मेस्त्री म्हणतो मोठी टाकली तर डायनमो जळेल. दोघांपैकी कोणाचं ऐकू? आणि पाण्याची घ्यावी की मेंटेनन्स-फ्री? एजीएम म्हणून जे काही निघालंय ते ट्रकला चालतं का? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

निवांत

धागा वाचतोय. आमच्याकडेही हेच रडगाणं आहे.

जुना_फिटर

दोघांचंही ऐकू नका, आधी मीटर काढा. ट्रकला दोन बॅटऱ्या आणि दरवेळी एकच जाते, म्हटल्यावर पहिला संशय बॅटरीवर नाही, वायरिंगवर घ्यायचा. नाहीतर नवीनही त्याच वाटेने जाईल.

दोन गोष्टी सांगा. एक, एफएम, मोबाइल चार्जर, कॅमेरा, जीपीएस यांतलं १२ व्होल्टवर काय काय चालतं आणि त्याची वायर कुठून घेतलीय? दोन, रीडिंग. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी सेल्फ मारायच्या आधी दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. मग इंजिन चालू करून थोडी रेस देऊन पुन्हा तसेच वेगवेगळे मोजा. नुसता २४ चा आकडा घेऊन येऊ नका, त्यात काही कळत नाही.

आणि गाडी बंद केल्या केल्या मोजू नका. प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो, तेव्हा मेलेली बॅटरीसुद्धा १२.८ दाखवते. घाई असेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा.

खडखडाट

मोजलं. सकाळी गाडी थंड असताना अर्थकडची १२.१, वरची (म्हणजे दुसरी) १२.७. इंजिन चालू असताना दोन्ही मिळून २८.२. वेगवेगळं मोजलं तर अर्थकडची १३.१ आणि वरची १५.१.

१२ व्होल्टवर एफएम, दोन चार्जर, ड्रायव्हरचा छोटा पंखा आणि एक कॅमेरा. वायर दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या मधल्या केबलच्या टर्मिनलवरून घेतलेली आहे. गाडी माझ्याकडे आली तेव्हापासून तशीच आहे.

जुना_फिटर

झालं की, चोर सापडला.

नीट बघा काय होतंय. मधून वायर काढली म्हणजे एफएम, चार्जर, पंखा सगळा भार एकट्या अर्थकडच्या बॅटरीवर. वरचीला त्यातलं काहीच द्यावं लागत नाही. पण भरताना दोघी सिरीजमध्ये, त्यामुळे डायनमोचा करंट दोघींतून सारखाच जातो. खर्च एकीचा, भरणा दोघींना सारखा. अर्थकडची कायम अर्धपोटी आणि वरची कायम ओसंडून.

डायनमोचा रेग्युलेटर फक्त बेरीज बघतो. २८.२ आले की तो खूश. त्यातले १३.१ इकडे आणि १५.१ तिकडे गेलेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १५.१ म्हणजे एका सेलला अडीच व्होल्ट. सेलला २.४ च्या आसपास गेलं की आतल्या पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन व्हायला लागतो. वरचीला पाणी का लागतं हे आता कळलं असेल. ती "ठणठणीत" वगैरे काही नाही, ती उकळतेय. तिच्या पॉझिटिव्ह प्लेटा झिजतायत, फक्त बसायला थोडा जास्त वेळ घेतेय इतकंच.

त्यात तुम्ही दरवेळी एकच बदलता. नवी आणि जुनी एकत्र जुंपली की जुनीचा आतला रेझिस्टन्स वेगळा, चार्ज घ्यायची ताकद वेगळी, मग बेरजेची वाटणी आणखी बिघडते. सिरीजमध्ये जोडी एकाच कंपनीची, एकाच एएचची, एकाच महिन्याची घ्यायची. एक गेली तर दुसरीही काढायची. फारच नवी असेल तर तिला वेगळ्या कामाला ठेवा.

उपाय सोपा आहे. मधली वायर आजच काढा. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा, त्याचं इनपुट दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून, म्हणजे पूर्ण २४ वरून घ्या, आणि पॉझिटिव्हला बॅटरीच्या जवळ फ्यूज. तुमच्या सामानाला १० अँपिअरचा पुरेल. १२ व्होल्टचा भार फारच मोठा असेल तर बॅटरी इक्वलायझर मिळतो, तो दोघींतला फरक स्वतः भरून काढतो, पण तुम्हाला त्याची गरज दिसत नाही.

सल्फेट

फिटरकाकांशी शंभर टक्के सहमत. अर्थकडची का मरते त्याचं रसायन थोडक्यात सांगतो.

बॅटरी डिस्चार्ज होते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच चार्ज केली तर ते बारीक असतं, परत विरघळतं. पण बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेली राहिली तर त्याचे स्फटिक मोठे आणि कडक होतात आणि मग साध्या चार्जिंगने ते हलत नाहीत. तेवढी प्लेट कायमची कामातून गेली. याला आपण सल्फेशन म्हणतो (माझा आयडी इथूनच आला).

मल्टिमीटरवर साधारण असं धरा: ७–८ तास स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. तुमची सकाळी १२.१ वर होती, म्हणजे अर्ध्याच्याही खाली. अशा अवस्थेत ती रोज रात्र काढते.

पाण्याची बॅटरी असेल तर मात्र व्होल्टपेक्षा हायड्रोमीटरवर (ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता मोजायची नळी) माझा जास्त विश्वास आहे. मीटर सहा सेलची बेरीज सांगतो, हायड्रोमीटर एकेका सेलची कुंडली. भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी १.२६५ ते १.२८०, अर्ध्या भरलेल्याची १.१९० च्या आसपास, पार उतरलेल्याची १.१२०. उष्ण हवामानासाठी काही कंपन्या मुद्दाम १.२४० चं ॲसिड भरतात, तेव्हा लेबल वाचून घ्या. सहांपैकी एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल गेला. मग कितीही चार्जिंगला लावा, उपयोग नाही.

वाचताना ॲसिड इतकंच ओढायचं की आतला फ्लोट मोकळा तरंगेल, नळीच्या भिंतीला चिकटला की आकडा खोटा. नळी उभी धरायची, डोळा पातळीच्या समोर आणायचा आणि पातळी कडेला चढते तिथला आकडा न घेता मधला सपाट भाग वाचायचा. नुकतंच पाणी घातलं असेल तर वाचूच नका, वर नुसतं पाणी असतं. एक-दोन तास चार्ज होऊ द्या, ते मिसळलं की मग बघा. ॲसिड गरम असेल तर आकडा कमी दिसतो. २७ अंशांच्या वर दर १० अंशांना ०.००७ मिळवायचे.

चष्मा आणि हातमोजे घाला हे सांगायला नको, पण सांगतो.

रस्त्यावरचा

ॲसिडच्या थेंबाने शर्टाची चाळण झाल्याशिवाय कोणी हातमोजे घालत नाही काका. 😀

ताफा_सांभाळणारी

खडखडाट, वायरिंगचं झालं. आता तुमच्या मूळ प्रश्नावर, कारण जोडी तर घ्यावीच लागणार आहे.

आधी मेस्त्रीबुवांचा गैरसमज. मोठ्या एएचने डायनमो जळत नाही, सेल्फही जळत नाही. सेल्फ त्याला हवा तेवढाच करंट ओढतो. डायनमोला बॅटरीतून जेवढं काढलं तेवढंच परत भरायचं असतं, मग बॅटरी १५० ची असो की २०० ची. हां, मोठी बॅटरी पार रिकामी करून मग इंजिनवर भरत बसलात तर डायनमो बराच वेळ पूर्ण ताकदीने चालतो आणि तापतो. पण तो दोष रिकामी करण्याचा.

आणि दुकानदाराचं म्हणणं: मोठ्या बॅटरीने तुमचा त्रास मिटला नसता, लांबला असता. गळक्या टाकीखाली मोठं पातेलं ठेवल्यासारखं.

निवडताना मी एएचच्या आधी जागा बघते. युरोपियन मापांत ट्रकच्या बॅटऱ्यांच्या तीन प्रचलित पेट्या आहेत: ए ५१३ × १८९ × २२३ मिमी, बी ५१३ × २२३ × २२३ आणि सी ५१८ × २७६ × २४२. बघा, सी नुसती रुंद नाही, उंचही आहे. झाकण बसत नाही म्हणून कोणीतरी ते काढून ठेवतं, नाहीतर टर्मिनल झाकणाला टेकतं. तसंच बीच्या पेटीत ए ठेवली आणि बाजूला लाकडाचा तुकडा ठोकला, असंही बघितलंय. काही दिवसांनी लाकूड पडतं आणि बॅटरी नाचायला लागते. टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत तेही बघून घ्या, नाहीतर केबल ताणून लावावी लागते आणि ताणलेली केबल टर्मिनलच्या मुळाशी चीर पाडते.

एएच म्हणजे २० तासांत किती देईल. १५० एएच म्हणजे ७.५ अँपिअरने २० तास. त्याहून जोरात काढलं तर तेवढे एएच मिळत नाहीत. सीसीए म्हणजे थंडीत सेल्फ मारायची ताकद: उणे १८ अंशांवर किती अँपिअर देऊ शकते. पण अमेरिकन एसएई पद्धतीत ३० सेकंदांनी ७.२ व्होल्ट राहायला हवेत आणि युरोपियन ईएन पद्धतीत १० सेकंदांनी ७.५. म्हणून दोन लेबलांवरचे आकडे एकाच पद्धतीचे असतील तरच तुलना करा. आणि सिरीजमध्ये एएच वाढत नाहीत बरं का. १५० च्या दोन म्हणजे २४ व्होल्टला १५० च. काही ठिकाणचे ट्रक १२ व्होल्टचे असतात, तिथे तीन-चार बॅटऱ्या पॅरलल असतात. त्यांचं गणित वेगळं.

तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही, ती म्हणजे थरथर. ट्रकची बॅटरी थरथरीने मरते. प्लेटांवरचा लगदा झडतो, तळाला साचतो आणि शेवटी प्लेटा शॉर्ट करतो. म्हणून हेवी ड्यूटीच्या बॅटरीत प्लेटा खाली गोंदाने घट्ट बसवलेल्या असतात आणि पॉझिटिव्ह प्लेटेला काचेच्या तंतूंचं अस्तर असतं. ईएन ५०३४२-१ हे मानक लागू असलेल्या बॅटरीच्या लेबलवर व्ही१ ते व्ही४ असं काही असेल ते थरथर सोसण्याचं, ई म्हणजे चार्ज-डिस्चार्ज सोसण्याचं आणि डब्ल्यू म्हणजे पाणी कमी खाण्याचं. युरो ६ या प्रदूषण-नियमासाठी लागणाऱ्या एक्झॉस्टच्या सामानाने चासीच्या बाजूची जागा खाल्ल्यापासून काही गाड्यांत बॅटऱ्या मागच्या टोकाला गेल्यात. तिथे हादरे सगळ्यात जास्त. अशा गाडीला व्ही३च्या खालची घेऊच नये, माझं स्पष्ट मत.

खडखडाट

पातेल्याचा टोला पोचला. 🙏 माझी पेटी मोजली, बीची दिसतेय. मग पाण्याची की मेंटेनन्स-फ्री?

जुना_फिटर

पाण्याची. डोळे झाकून. तिला उघडता येतं, सेल बघता येतो, पाणी घालता येतं. बंद डबा गेला की गेला.

ताफा_सांभाळणारी

काका, इथे मी असहमत. पाण्याची चांगली, पण पाणी बघणारा माणूस असेल तर. गाडी महिनोन्महिने बाहेर, ड्रायव्हर बदलते, झाकण उघडायची कोणाची जबाबदारी हे ठरलेलं नाही. अशा ठिकाणी कमी पाणी खाणारीच बरी. जुन्या पद्धतीच्या प्लेटांत शिसं अँटिमनीबरोबर मिसळलेलं असतं, त्या गॅस जास्त सोडतात आणि पाणी खातात, पण खोल डिस्चार्ज सोसतात. कॅल्शियमच्या प्लेटा पाणी कमी खातात, पण पार उतरल्या की लवकर सावरत नाहीत. दोन्हीचा मेळ घातलेल्या हायब्रीडही मिळतात.

जुना_फिटर

मेंटेनन्स-फ्रीवरचा तो हिरवा डोळा सहापैकी एकाच सेलचं सांगतो. बाकीचे पाच मेले तरी तो हिरवाच. लोक त्याच्यावर विसंबून राहतात म्हणून माझा राग.

ताफा_सांभाळणारी

ते मान्य. डोळ्यावर मीही विसंबत नाही. व्होल्ट बघते आणि लोड टेस्ट करते. सीसीएच्या निम्मा भार १५ सेकंद, खोलीच्या तापमानाला व्होल्ट ९.६ च्या वर राहायला हवेत. तेवढं पुरतं.

सल्फेट

एजीएमबद्दल: त्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, थरथर आणि चार्ज-डिस्चार्ज दोन्ही चांगलं सोसते. पण ती जास्त व्होल्ट आणि उष्णता सहन करत नाही आणि गेलेलं पाणी परत घालता येत नाही. तुमच्या गाडीत वायरिंग दुरुस्त न करता एजीएम टाकली असती तर १५.१ वर वरची वाळून गेली असती. जेल तर आणखी नाजूक, तिला साधारण १४.१ ते १४.४ च्या वर नेऊ नये. आधी डायनमोचं सेटिंग बघायचं, मग बॅटरीचा प्रकार ठरवायचा.

उष्णतेचा एक ढोबळ नियमही सांगून ठेवतो: तापमान ८–१० अंशांनी वाढलं की लेड-ॲसिडचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. थंडी बॅटरीची ताकद तात्पुरती कमी करते, उन्हाळा तिचं आयुष्य खातो. हिवाळ्यात बसलेली बॅटरी बऱ्याचदा उन्हाळ्यातच मेलेली असते.

आणि फार थंड भागात उतरलेली बॅटरी उघड्यावर ठेवू नका. पूर्ण भरलेल्या बॅटरीचं ॲसिड उणे ६० च्या आसपास गोठतं, पार उतरलेलीचं उणे १० च्या अलीकडे-पलीकडे. गोठली की केस फुटते.

रस्त्यावरचा

मला पार्किंग कूलरचं विचारायचं होतं. रात्री केबिनमध्ये झोपायचं तर लागतोच. पाटीवर २४ व्होल्ट २० अँपिअर लिहिलंय. बॅटऱ्या १५० च्याच. सकाळी सेल्फ कधी मारतो, कधी नुसता कटकट आवाज.

ताफा_सांभाळणारी

सरळ हिशोब करा. २० अँपिअर × ८ तास = १६० एएच. तुमच्याकडे १५० आहेत, तेही कागदावर. आणि सेल्फच्या बॅटरीला अर्ध्याच्या खाली न्यायचंच नसतं, म्हणजे हातात ७५. पावणेचार तास. कूलरचा कॉम्प्रेसर मध्ये मध्ये बंद होतो म्हणून कधी कधी सकाळ निभावते, बाकी नशीब.

सेल्फच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेटा असतात, एका दमात खूप करंट द्यायला. रोज रात्री तिला खोल उतरवलं तर ती लवकर झडते. कूलर रोज लागत असेल तर त्याला वेगळी जोडी द्या, डीप सायकलची (खोल उतरवणं सोसणारी), मध्ये दोन जोड्या वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर, म्हणजे रात्री कितीही वापरलं तरी सेल्फची जोडी अखंड राहते. आणि लो-व्होल्टेज कट-ऑफ (व्होल्ट फार उतरले की आपोआप बंद होण्याची सोय) नसलेला कूलर लावू नये.

रस्त्यावरचा

लिथियम टाकली तर?

सल्फेट

कूलरच्या वेगळ्या जोडीसाठी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) उत्तम. सेल ३.२ व्होल्टचा, आठ सेलांचे २५.६. बरीच खोलवर वापरता येते, वजन निम्म्याहून कमी. पण शून्य अंशांच्या खाली तिला चार्ज करायचं नाही, आणि डायनमोवर थेट जोडायची नाही, कारण ती इतका करंट मागते की तिथे मात्र डायनमो खरंच तापतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. सेल्फसाठी आहे ती लेड-ॲसिडच राहू द्या.

अवांतर: गॅस्टन प्लांतेने शिशाचे दोन पत्रे गुंडाळून १८५९ मध्ये ही बॅटरी केली आणि १८८१ मध्ये कामिल फोरने पत्र्यावर लगदा थापायची युक्ती काढली. तेव्हापासून मूळ रसायन तेच. एवढं वय झालेली दुसरी वस्तू ट्रकमध्ये क्वचितच असेल.

निवांत

चाक?

सल्फेट

मान्य. 😀

निवांत

माझा प्रश्न: आमच्याकडे बॅटरी भरलेली, १२.७ दाखवते, तरी सेल्फ सुस्त फिरतो. बॅटरी बदलू की सेल्फ उतरवू?

जुना_फिटर

दोन्ही नको, आधी केबल बघा. सेल्फ फिरताना शेकडो अँपिअर जातात. वाटेत कुठे एक मिलीओहमचा अडथळा असला आणि ६०० अँपिअर गेले तर ०.६ व्होल्ट तिथेच गडप. आणि हा अडथळा डोळ्यांना दिसत नाही, वरून टर्मिनल चकचकीत असतं.

मीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा. क्लॅम्पवर नाही, खांबावर! दुसरं टोक सेल्फच्या जाड बोल्टवर. आता कोणालातरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत खोट आहे. मग एकेक जोड मोजत पुढे सरका: खांब ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, कट-ऑफ स्विचच्या या बोल्टपासून त्या बोल्टपर्यंत. निगेटिव्हलाही तसंच, बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या बॉडीपर्यंत. दहापैकी निम्म्या वेळा अर्थची पट्टी निघते. चासीला जिथे बोल्ट आहे तिथे रंगाखाली गंज.

टर्मिनल साफ करायची पद्धतही लिहून टाकतो. आधी निगेटिव्ह काढायचं, लावताना ते शेवटी. कारण पॉझिटिव्ह काढताना पाना चासीला टेकला तर ठिणगी, आणि बॅटरीपाशी हायड्रोजन असतो, हवेत ४ टक्के झाला की पेटतो. झाकणं घट्ट बंद करून पांढऱ्या-हिरव्या भुकटीवर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ओतायचं, फेस थांबेपर्यंत. सोड्याचा थेंब सेलमध्ये जाता कामा नये, आतलं ॲसिड मारेल. मग खांब आणि क्लॅम्पचा आतला भाग घासायचा. तिथे काळपट करडा थर असतो, खरा अडथळा तोच. शिसं चमकेपर्यंत घासा. आधी कोरडं घट्ट बसवा, व्हॅसलीन नंतर वरून. आधी व्हॅसलीन फासून क्लॅम्प बसवणारे भेटतात, त्यांना काय बोलावं.

सल्फेट

पाण्याचं राहिलं. फक्त डिस्टिल्ड. ॲसिड कधीच नाही, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड घातलंत तर ग्रॅव्हिटी वाढून प्लेटा खराब होतील. बॅटरी कलंडून ॲसिड सांडलं असेल तेवढाच अपवाद. पाणी चार्जिंगनंतर भरायचं, प्लेटांच्या वर १० ते १५ मिमी. चार्जिंगआधी काठोकाठ भरलं तर गरम होऊन बाहेर येतं आणि सगळीकडे गंज करतं. प्लेटा उघड्या दिसत असतील तर आधी त्या बुडतील इतकंच घाला, चार्ज करा, मग उरलेलं.

खडखडाट

गाडी अधूनमधून दोन-तीन आठवडे उभी असते. तेव्हा निगेटिव्ह काढून ठेवू का?

ताफा_सांभाळणारी

कट-ऑफ स्विच असेल तर तो पुरेल. जीपीएस, टॅकोग्राफ (वेग आणि चालवण्याच्या वेळेची नोंद ठेवणारं यंत्र), कंट्रोल युनिटं मिळून १०० मिलीअँपिअर धरले तरी दिवसाला २.४ एएच. महिन्यात १५० ची जवळपास अर्धी. काहीच जोडलेलं नसलं तरी बॅटरी स्वतः थोडी उतरतेच, उन्हाळ्यात जास्त. १२.४ च्या आसपास आली की चार्जिंगला लावा.

एक लक्षात ठेवा. ॲडब्लूची (एक्झॉस्टमध्ये फवारायचं युरियाचं पाणी) गाडी असेल तर चावी बंद केल्या केल्या कट-ऑफ ओढू नका. पंप पाइपातलं ॲडब्लू परत टाकीत ओढत असतो, त्याला काही मिनिटं लागतात. किती ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. आधीच वीज तोडली तर ते पाइपात राहतं आणि स्फटिक होऊन अडकतं. आणि इंजिन चालू असताना कट-ऑफ किंवा टर्मिनल कधीच काढू नका. डायनमोचा करंट अचानक तुटला की व्होल्ट क्षणभर शंभराच्या वर उसळतात. कंट्रोल युनिट त्यात जातं. चासीवर वेल्डिंग करतानाही दोन्ही टर्मिनल काढायची आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावायचा.

रस्त्यावरचा

काढून ठेवलेली बॅटरी फरशीवर ठेवू नये, उतरते म्हणतात. खरं का?

सल्फेट

आता नाही. पूर्वीच्या डब्यांतून ओल आणि ॲसिड झिरपून थोडा करंट गळायचा, तेव्हाची गोष्ट. आताच्या प्लास्टिकला फरक पडत नाही. झाकणावर ॲसिड आणि धुळीचा थर असेल तर मात्र वरूनच दोन टर्मिनलांत करंट गळतो. मीटरचं एक टोक निगेटिव्हवर, दुसरं झाकणावर फिरवून बघा, व्होल्ट दिसतील.

खडखडाट

अपडेट. मधली वायर काढली, कन्व्हर्टर बसवला, बीच्या पेटीतली एकाच तारखेची जोडी घेतली. १८० ची, व्ही३. बसवायच्या आधी दोन्ही वेगवेगळ्या चार्जरवर पूर्ण भरल्या, फिटरकाकांनी व्यनित (खासगी निरोपात) सांगितलं तसं. आज इंजिन चालू असताना १४.१ आणि १४.१. सकाळी दोन्ही १२.७.

दुकानातली पहिली जोडी १२.३ वर होती आणि बनावटीची तारीख बरीच जुनी, ती परत ठेवायला लावली.

जुना_फिटर

उत्तम. महिन्याने परत वेगवेगळं मोजा. दोघींत चालू इंजिनवर ०.२–०.३ च्या वर फरक दिसला तर सांगा.

निवांत

फिटरकाका, अर्थच्या पट्टीखाली गंजच निघाला. मोजलं तेव्हा १.४ व्होल्ट तिथेच जात होते. आता सेल्फ एका झटक्यात. लगे हात अजून एक: दुसऱ्या गाडीला टेल लिफ्ट (माल चढवायचा-उतरवायचा मागचा फलाट) आहे, ती खाली-वर करताना लाइट मंद होतात आणि संध्याकाळी गाडी जड जाते. सेल्फच्याच जोडीवर आहे.

ताफा_सांभाळणारी

टेल लिफ्टची मोटर शंभर-दोनशे अँपिअर सहज ओढते. दिवसभर थांबत-थांबत माल उतरवणारी गाडी असेल तर मधल्या छोट्या फेऱ्यांत डायनमो ते भरून काढू शकत नाही, शेवटचा पाव हिस्सा भरायला तास लागतात. तोवर लिफ्ट इंजिन चालू ठेवून वापरा. लिफ्टच्या मुख्य फ्यूजवर किती आकडा आहे आणि बॅटरीपासून तिथवर केबल किती मीटर आणि किती जाडीची आहे ते बघून लिहा, मग वेगळी जोडी लागेल की नुसती केबल बदलून भागेल ते सांगते.